पाचकाची बाटली आणि लघवीची बाटली

मंडळी, आजचा लेख जरा तिखट आहे. नात्यातल्या काही जणांना तो आपल्यावरच लिहिला आहे असे वाटेल. त्यांचे वाटणे खरे आहे. रागावलात तर फोन करा, पण आधी शेवटपर्यंत वाचा.

आपल्या घरांत दोन बाटल्या असतात. पहिली पाचकाची. गुलाबी किंवा नारिंगी रंगाची, वेलदोड्याच्या नाहीतर अननसाच्या वासाची. ती जेवणाच्या टेबलावर लोणच्याच्या बरणीशेजारी उभी असते. पाहुणे आले तरी तिला कोणी लपवत नाही. उलट "दोन चमचे घ्या हो, हलकं वाटेल" असा आग्रह होतो. दुसरी बाटली वर्षा-दोन वर्षांतून एखादे वेळी, डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून दिली तरच घरात येते. लघवी तपासायची. ती वर्तमानपत्रात गुंडाळायची, वर काळी पिशवी, आणि ओळखीचे कोणी भेटू नये म्हणून लांबच्या गल्लीतून लॅबपर्यंत जायचे.

माझे म्हणणे एवढेच आहे की आपण हे नेमके उलटे करतो. जिची बहुतेकांना गरज नाही ती बाटली आपण मिरवतो, आणि जी जीव वाचवू शकते तिची लाज बाळगतो.

आता "बाई, तुम्ही मराठीच्या बी.ए., तुम्हाला हे कोणी सांगितले?" हा प्रश्न येणारच. आमच्या पुतण्याने तो मागच्या दिवाळीत विचारलाही. त्याला दिले तेच उत्तर देते. हायस्कुलात विज्ञानाचे शिक्षक रजेवर गेले की सातवी-आठवीचे तास माझ्याकडे येत, आणि शिकवायचे म्हणजे आधी शिकावे लागे. दुसरे असे की पोट मलाही आहे आणि मूत्रपिंडे मलाही दोन आहेत. स्वतःच्या शरीराबद्दल मराठीतून समजून घ्यायला पदवी लागत नाही.

तर आधी विकर म्हणजे काय ते पाहू. पाठ्यपुस्तकात हा शब्द आहे, दुकानात त्यालाच एन्झाइम म्हणतात. विकर म्हणजे शरीरातल्या पेशींनी तयार केलेले प्रथिन. ते रासायनिक क्रिया वेगाने घडवून आणते आणि स्वतः त्यात खर्ची पडत नाही. पोळीचा घास बराच वेळ चावत राहिलात तर तो गोड लागायला लागतो, कारण लाळेतले अमायलेस पिष्टाचे तुकडे करून साखर तयार करते. पुढे जठरात पेप्सिन प्रथिने तोडते. त्यापुढे लहान आतड्यात स्वादुपिंडाचा रस येतो. त्यात पिष्टासाठी अमायलेस, प्रथिनांसाठी ट्रिप्सिन आणि स्निग्ध पदार्थांसाठी लायपेज असते. पित्तात मात्र पचनाचे विकर नसते. साबणाने तेलकट भांड्यावरचे तेल सुटते तसे पित्तातले क्षार तुपातेलाचे बारीक थेंब करतात, मग लायपेजला काम करणे सोपे जाते.

प्रत्येक विकराची जागा ठरलेली, आणि त्या जागेची आम्लता ठरलेली. लाळेतले अमायलेस साधारण सात पीएचला उत्तम चालते, जठराच्या आम्लात गेले की थंडावते. पेप्सिनचे उलटे, त्याला कडक आम्ल लागते, पीएच दोनच्या आसपास. ही एवढी गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता व्हॉट्सॲपवरचे ज्ञान. "माणूस जन्माला येताना ठरावीक एन्झाइम घेऊन येतो, शिजवलेले अन्न खाऊन ती संपतात, म्हणून पन्नाशीनंतर बाहेरून घ्यावी लागतात." हा निरोप आमच्या कुटुंबाच्या गटावर या वर्षात चार वेळा आला, आणि प्रत्येक वेळी खाली जोडलेले हात आणि फुले! ही कल्पना अमेरिकेतल्या एडवर्ड हॉवेल यांची. १९८५ साली त्यांचे 'एन्झाइम न्यूट्रिशन' हे पुस्तक निघाले, तेव्हापासून तर ती फारच पसरली. ऐकायला ती छान वाटते, कारण बँकेतल्या ठेवीसारखी आहे. जन्मतः ठेव मिळाली, आपण उधळली, आता कंगाल झालो. पण शरीरात अशी ठेव नसतेच. विकरे पेशी रोजच्या रोज बनवतात. लाळ दिवसाला लिटरभर ते दीड लिटर, स्वादुपिंडाचा रस आणखी सुमारे दीड लिटर, आणि हे जन्मभर चालते. स्वादुपिंडाची राखीव ताकद तर एवढी की त्याची साधारण नव्वद टक्के क्षमता गेल्यावर तूप-तेल न पचता शौचावाटे जायला लागते. वाढदिवसाचा केक कापला आणि विकरे संपली, असे होत नाही.

"मग कच्च्या पपईतली, अननसातली एन्झाइम?" ती असतातच. कच्च्या पपईचा कीस मटणाला चोळून ठेवतात तो त्यातल्या पपेनसाठीच, मटण लवकर मऊ होते. मोड आणलेल्या नाचणीच्या पिठाची लापशी साध्या पिठापेक्षा पातळ होते, तेही धान्यातल्या अमायलेसचेच काम. १८३३ साली पेयाँ आणि पेर्सो या दोन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी मोड आलेल्या जवातून हेच विकर वेगळे काढले आणि त्याला डायास्टेस नाव दिले. पण मटणावर आणि पातेल्यात ते आपले काम करते म्हणून पोटात गेल्यावरही करीलच असे नाही. तिथे ते बहुतांशी आणखी एक प्रथिन म्हणून पचून जाते, डाळीतले प्रथिन पचते तसे.

आता पाचकाच्या बाटलीचे लेबल चष्मा लावून वाचा. बहुतेकांवर 'फंगल डायास्टेस' आणि 'पेप्सिन' ही दोन नावे दिसतील. जोकिची ताकामिने या जपानी रसायनशास्त्रज्ञाने १८९४ साली बुरशीपासून डायास्टेस काढण्याचे अमेरिकन पेटंट मिळवले, आपले सरबत त्याच घराण्यातले. ते विष आहे असे मी म्हणत नाही. माझी तक्रार वेगळी आहे. आपल्यातले कितीतरी जण सकाळी उपाशीपोटी आम्ल कमी करायची गोळी घेतात आणि दुपारी जेवणानंतर पेप्सिनचे सरबत! म्हणजे सकाळी चूल विझवायची आणि दुपारी तिच्यावर आधण ठेवायचे. आम्लाशिवाय पेप्सिन काम करीत नाही हे सातवीचा मुलगा सांगेल. दोन्हीचे पैसे मात्र आपणच मोजतो.

अन्याय नको, म्हणून हेही लिहिते. काही माणसांना बाहेरून विकरे खरोखर लागतात. स्वादुपिंडाला जुनाट सूज आहे, त्याचा भाग शस्त्रक्रियेने काढला आहे किंवा सिस्टिक फायब्रोसिस आहे, अशांना डॉक्टर पॅनक्रिॲटिनच्या कॅप्सूल देतात. तिच्यावर जठराच्या आम्लात न विरघळणारे आवरण असते, लायपेजची युनिटे छापलेली असतात, आणि ती जेवणाबरोबर मोजून घ्यायची असते. ते औषध आहे, ते बंद करू नका. तसेच दुधातली साखर तोडणारे लॅक्टेज आपल्याकडे बहुतेक मोठ्या माणसांत कमी होते. पेलाभर दुधाने पोट फुगते पण दही-ताक चालते, त्याचे कारण हे. यावर उपाय म्हणजे ताक प्या, जे आपल्या आज्या न शिकता करत आल्या. आणि चवळी, वाल, राजमा खाऊन गॅस होतो तो म्हातारपणामुळे नव्हे. त्यातल्या काही साखरा तोडणारे विकर कोणाही माणसाच्या आतड्यात नसते, विशीतल्या पैलवानाच्याही नाही. त्या मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंना मिळतात आणि ते गॅस करतात. कडधान्य भिजवून ते पाणी टाकून द्या, बराच फरक पडतो.

पण एवढ्यासाठी मी आज लिहायला बसले नाही. चार चमचे गोड सरबताने कोणाचे घर बुडत नाही. घर बुडते ते त्या सरबतामागे खरा आजार लपतो तेव्हा.

आमच्या शाळेत गणित शिकवणारे एक सर होते. नाव लिहीत नाही, ओळखणारे ओळखतील. त्यांना साखरेचा आजार होता, गोळ्या चालू होत्या. निवृत्तीनंतर दोन-तीन वर्षांत त्यांची भूक गेली. सकाळी मळमळायचे, तोंडाला चव नसायची. घरच्यांनी, शेजाऱ्यांनी, आम्ही सगळ्यांनीच नव्हे पण बऱ्याच जणांनी निदान केले, पचनशक्ती मंदावली. मग पाचके सुरू झाली. एकाने गुण येईना म्हणून दुसरे, दुसऱ्याने येईना म्हणून तिसरे. पाय सुजायला लागले तेव्हा एक नंबर मोठी चप्पल घेतली. लघवीला फेस येतो हे त्यांनी बायकोला सांगितले, डॉक्टरांना सांगायला लाजले. शेवटी जिना चढताना दम लागून खाली बसले तेव्हा तपासणी झाली. मूत्रपिंडे जवळजवळ निकामी झाली होती. आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस सुरू झाले आणि साडेतीन वर्षांनी सर गेले.

त्यांच्या पाचक रसांना काहीही झाले नव्हते. रक्तातली घाण बाहेर टाकली जात नव्हती म्हणून अन्न नकोसे होत होते. आधी तपासले असते तर ते वाचलेच असते असे मी म्हणणार नाही. पण मूत्रपिंड बिघडायला लागले की पुष्कळदा लघवीतून अल्ब्युमिन नावाचे प्रथिन झिरपायला लागते, आणि ते रक्तातले क्रिएटिनिन वाढण्याच्या कितीतरी आधी सापडू शकते. क्रिएटिनिन ठळकपणे वाढेपर्यंत निम्म्याच्या आसपास काम गेलेले असते. त्या मधल्या काळात साखर आणि रक्तदाब आवरून, मूत्रपिंड जपणारी औषधे देऊन पुष्कळांची वर्षे वाढवता येतात. सरांची ती वर्षे तीन रंगांच्या सरबतांत गेली.

आता या दुसऱ्या बाटलीची थोरवी सांगते. आपली मूत्रपिंडे दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातले कामाचे सगळे परत घेऊन दीड-दोन लिटर बाहेर सोडतात. म्हणून त्या बाटलीत सगळ्या शरीराची खबर असते. आपल्या जुन्या वैद्यांना हे माहीत होते, मधुमेह हे नावच त्याची साक्ष देते. १६७४ साली इंग्लंडमध्ये थॉमस विलिस यांनी गोड लघवीची नोंद केली, १७७६ साली मॅथ्यू डॉब्सन यांनी तो गोडवा साखरेचाच हे दाखवले. १८२७ साली रिचर्ड ब्राइट यांनी सुजलेल्या रोग्यांच्या लघवीतले अल्ब्युमिन आणि बिघडलेली मूत्रपिंडे यांचा संबंध मांडला. त्या काळी चमच्यात लघवी घेऊन मेणबत्तीवर तापवत. अंड्याचा पांढरा बलक गोठतो तसे अल्ब्युमिन गोठून गढूळपणा येई.

माझ्या पिढीला बेनेडिक्टचे निळे द्रावण आठवत असेल. पाच मिलिलिटर द्रावणात लघवीचे आठ थेंब घालून उकळायचे. निळेच राहिले तर साखर नाही. हिरवे, पिवळे, नारिंगी करत विटेसारखे लाल झाले तर भरपूर आहे. नंतर १९५६ च्या सुमारास पट्ट्या आल्या. आणि गंमत बघा, साखरेच्या पट्टीवर असते काय? विकरेच! ग्लुकोज ऑक्सिडेस साखरेवर काम करून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करते आणि पेरॉक्सिडेस त्याच्या मदतीने रंग आणते. म्हणजे एन्झाइमवर पैसे खर्च करायची हौसच असेल तर ती या पट्टीवर करा. इथे ती नक्की काम करतात.

अर्थात या बाटलीचीही पूजा करू नका. तिच्या मर्यादा माहीत हव्यात. रक्तातली साखर साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेली की ती लघवीत उतरते, उतारवयात ही मर्यादा आणखी वर सरकलेली असू शकते. म्हणून लघवीत साखर नाही याचा अर्थ मधुमेह नाही असा होत नाही, त्यासाठी रक्तच तपासावे लागते. उलट डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन अशी औषधे घेणाऱ्यांच्या लघवीत साखर दिसणारच, ती औषधे साखर लघवीवाटेच बाहेर काढतात. क जीवनसत्त्वाच्या गोळ्या भरपूर खाल्ल्या तर पट्टी असलेली साखर कमी दाखवू शकते. तापात किंवा खूप श्रमांनंतर थोडे प्रथिन दिसते, म्हणून एका रिपोर्टवर रडायला बसू नका, पुन्हा तपासा. आणि काहीही त्रास नसताना म्हाताऱ्या माणसाच्या लघवीत जिवाणू सापडले म्हणून प्रतिजैविकांचा मारा सहसा करायचा नसतो.

नमुना कसा द्यावा तेही कोणी सांगत नाही. सकाळची पहिली लघवी उत्तम. सुरुवातीची थोडी सोडून द्यावी, मधली धार स्वच्छ बाटलीत धरावी आणि तास-दोन तासांत लॅबमध्ये पोचवावी. औषधाची नाहीतर मधाची जुनी बाटली विसळून वापरू नये. (हसू नका, मी पाहिले आहे!)

लघवीशी आपली नाती दोनच, एक लाज आणि दुसरे भक्ती. माजी पंतप्रधान मोरारजी देसाई स्वमूत्र पिण्याबद्दल उघड बोलत, आणि आजही शिवांबूची महती सांगणारे निरोप फिरतात. मूत्रपिंडांनी एवढी मेहनत करून जे बाहेर टाकले ते पुन्हा आत घ्यायचे, यातला युक्तिवाद मला तरी उमगलेला नाही. तिसरी टोळी अल्कधर्मी पाण्याची. लघवीचा पीएच जेवणाप्रमाणे साडेचारपासून आठपर्यंत बदलतो, रक्ताचा मात्र ७.३५ ते ७.४५ मध्येच राहतो. तो तिथे राखायला फुप्फुसे आणि मूत्रपिंडे आहेत, महागडे यंत्र नव्हे. लाज नको, भक्तीही नको. भाताचे शीत चेपून बघतो तशी निर्विकार मनाने तपासणी हवी.

आणि आता माझा खरा राग. मध्यंतरी माझाच रिपोर्ट हातात पडला. दोन पाने, अथपासून इतिपर्यंत इंग्रजी. काउंटरवरच्या मुलीला विचारले, "बाळ, हे ट्रेस म्हणजे काय?" ती म्हणाली, "डॉक्टरांना दाखवा, आजी." दाखवीनच की! पण ज्याची लघवी त्याला वाचता येऊ नये, हा कुठला न्याय? खते, बी-बियाणे, बसची तिकिटे मराठीत छापता येतात, मग 'प्रथिन : किंचित, पुन्हा तपासा' हे चार शब्द छापायला काय जड जाते? पाचकाची जाहिरात मात्र शुद्ध मराठीत असते, कारण तिथे आपल्याकडून पैसे यायचे असतात.

हीच गोष्ट शाळांची. भाताची पेज, थोडी लाळ, दोन थेंब आयोडीन आणि तीन परीक्षानळ्या, एवढ्यात विकराचा सगळा धडा होतो. नुसत्या पेजेत आयोडीन घातले की निळे. लाळ घालून दहा मिनिटे ठेवलेली पेज निळी होत नाही. लाळ उकळून घातली तर पुन्हा निळी, कारण उष्णतेने विकर मोडले. हा प्रयोग केलेल्या मुलाला पुढे कोणी 'एन्झाइमची ठेव संपते' सांगून फसवू शकत नाही. पण आता ओळखीच्या मुलांना विचारते तर प्रयोग वहीत उतरवलेला असतो, केलेला नसतो. आकृती सुबक, गुण पैकीच्या पैकी, आणि लाळेला हात लावायची किळस!

तेव्हा माझ्या मागण्या थोडक्यात लिहिते. घरात ज्यांना मधुमेह किंवा रक्तदाब आहे त्यांनी वर्षातून एकदा तरी लघवीतले अल्ब्युमिन आणि रक्तातले क्रिएटिनिन डॉक्टरांना विचारून तपासून घ्यावे. ज्यांच्या घरात मूत्रपिंडाचा आजार आहे त्यांनीही. गर्भवती सुनांच्या, लेकींच्या तपासणीत रक्तदाब आणि लघवीतले प्रथिन चुकवू नये, तिथे दोन जिवांचा प्रश्न असतो. भूक जाणे, वजन उतरणे, काळी शौच, घास अडकणे यांवर पाचक नव्हे, डॉक्टर. छातीत दाटून आले, घाम सुटला तर 'गॅस आहे' म्हणून सरबत पीत घरी बसू नये, थेट दवाखाना गाठावा. लॅबवाल्यांकडे मराठी रिपोर्ट मागावा, दहा जणांनी मागितला तर अकराव्याला मिळेल. आणि ब्लॉग लिहिणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, तुमच्यात डॉक्टर, रसायनशास्त्रवाले आहेत. पाककृती आणि प्रवासवर्णने लिहिता तसे एकदा लघवीच्या रिपोर्टावरही सोप्या मराठीत लिहा. मी बी.ए. असून दोन हजार शब्द लिहिले, तुम्हाला तर मुळातले माहीत आहे.

आमच्या वहिनींसाठी शेवटचे. वहिनी, येत्या रविवारी तुमच्याकडे जेवायला येते आहे. जेवण झाल्यावर ते गुलाबी सरबत पुढे करू नका, वाटीभर ताक द्या. आणि भाऊंची साखर दहा वर्षांची आहे, त्यांच्या लघवीतले अल्ब्युमिन शेवटचे कधी तपासले तो कागद काढून ठेवा. नसेल तर सोमवारी सकाळी मी बरोबर येते. बाटली मी हातात धरीन, कागदात न गुंडाळता.